फलानुसार वेतन : उपनगरांतील क्षयरोग आणि खासगी डॉक्टर

वैद्यास द्रव्य द्यावयाचे ते त्याच्या श्रमाबद्दल, की रोग्यास आलेल्या गुणाबद्दल, हा वाद फार जुना आहे. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी जे नियम शिलेवर कोरविले, त्यांत शस्त्रवैद्याचा मेहनताना रोगी बरा झाल्यावर देय ठरविला होता; आणि त्याच्या शस्त्राने एखादा प्रतिष्ठित मनुष्य दगावला, तर त्या वैद्याचे हात तोडण्याची आज्ञा होती. आपल्याकडील कौटिल्याची दृष्टी थोडी निराळी दिसते. रोग जिवावर बेतणारा आहे हे अधिकाऱ्यांस न कळविता वैद्याने उपचार केले आणि रोगी मरण पावला, तर वैद्य दंडास पात्र होतो, असे अर्थशास्त्रात सांगितले आहे. एकाने फळास मोल बांधून दिले. दुसऱ्याने खबर देण्याचे कर्तव्य लादले. ह्या दोन प्राचीन कल्पनांची गाठ आपल्या काळात जेथे पडली, ते स्थळ आमच्या वाचकांच्या अगदी परिचयाचे आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ह्या उपनगरांतील गल्लोगल्लीचे खासगी दवाखाने हे ते स्थळ, आणि क्षयरोग हे त्याचे निमित्त होय.

प्रथम कल्पनेचा थोडा खुलासा करणे अवश्य आहे. गरीब देशांतील सरकारी दवाखान्यांविषयी एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. पगार महिन्याच्या महिन्यास मिळतो, मग रोगी दहा आले काय आणि शंभर आले काय! तेव्हा पगाराऐवजी, किंवा पगाराच्या जोडीस, किती बाळंतपणे झाली, किती बालकांस लस टोचली, किती रोगी पूर्ण बरे झाले, हे मोजून पैसे द्यावेत, म्हणजे काम आपोआप वाढेल, असा विचार पुढे आला. हैतीमध्ये १९९९ साली त्याचा प्रयोग झाला, रवांडाने २००६ पासून तो देशभर नेला, आणि जागतिक बँकेच्या आश्रयाने तो अनेक राष्ट्रांत पसरला. विचार वरकरणी इतका सरळ आहे की त्यास विरोध करणारा मनुष्य आळशी लोकांचा कैवारी ठरावा. परंतु इतिहासाचे काम सरळ दिसणाऱ्या गोष्टीचा मागचा रस्ता दाखविणे हे असल्यामुळे, आम्ही तो रस्ता थोडा पाहणार आहो.

ह्या पद्धतीची पहिली मोठी परीक्षा शाळांत झाली, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. इंग्लंडात १८६२ साली रॉबर्ट लो ह्या मंत्र्याने असा नियम केला की, शाळेस मिळणारे सरकारी अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व गणित ह्यांतील परीक्षेच्या निकालावर ठरावे. मुंबई इलाख्यातील खासगी शाळांच्या अनुदानासही लवकरच हेच तत्त्व लागू झाले. परिणाम काय झाला? इन्स्पेक्टर जे विचारतो तेवढेच शिकविले जाऊ लागले आणि जे विचारीत नाही ते वर्गातून हद्दपार झाले. कवी म्हणून प्रसिद्ध असलेला मॅथ्यू अर्नोल्ड हा पोटासाठी शाळांचा इन्स्पेक्टर होता. ह्या पद्धतीने शिक्षण यांत्रिक होते, असा त्याचा आक्षेप होता. एकोणिसावे शतक संपेपर्यंत इंग्लंडने ती टाकून दिली, आणि विसाव्याच्या आरंभी हिंदुस्थानातूनही ती गेली. मोजणारा माणूस जे मोजतो तेच काम वाढते, हा धडा त्यातून मिळाला. तो वाईटच असतो असे नव्हे. मोजलेली वस्तू आणि हवी असलेली वस्तू एकच असेल तर तो हिताचाच ठरतो. त्या दोहोंत अंतर असेल, तर सारा अनर्थ त्या अंतरातून शिरतो.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. साष्टी बेटावरील ही गावे मुंबई महापालिकेच्या हद्दीत दोन टप्प्यांत आली. अंधेरी, घाटकोपर इत्यादी जवळची गावे १९५० साली, आणि बोरिवली, मुलुंड ही दूरची १९५७ साली. भातखाचरे व बागा जाऊन चाळी आल्या, कारखाने आले, टेकड्यांच्या उतारावर झोपडपट्ट्या चढल्या. १९९० साली मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती ९३ लाखांवर गेली. मूळ शहर जिल्ह्याची वस्ती त्या वेळी ३१ लाखांच्या आत होती. परंतु थोरली सरकारी इस्पितळे पूर्वीच्या शहरात परळ-भायखळ्याकडे राहिली, आणि लोक इकडे आले. मधली पोकळी खासगी डॉक्टरांनी भरून काढली. त्यांत मोठ्या पदवीचे विशेषज्ञ आहेत, तसे आयुर्वेद वा होमिओपॅथीची पदवी घेऊन एका खोलीत बसणारेही आहेत. संध्याकाळी सात वाजता कारखान्यातून सुटलेल्या कामगारास जो डॉक्टर उघडा सापडतो, ओळखीने बोलतो, थोडे पैसे घेऊन दोन दिवसांच्या गोळ्या हाती देतो, तोच त्याचा डॉक्टर. त्याच्या हाताला गुण आहे, ही शिफारस पदवीपेक्षा मोठी ठरते.

साध्या तापखोकल्यास ही व्यवस्था पुरते. क्षयाचे तसे नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली दाखविला, आणि त्यावरील खात्रीची औषधे विसाव्या शतकाच्या मध्यापासून हाती आली. एके काळी सुखवस्तू कुटुंबे आपला रोगी पाचगणी-मिरजेच्या हवेत ठेवीत. मद्रास येथील १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने घरी राहून घेतलेले औषध आरोग्यधामाइतकेच गुणकारी असते हे सिद्ध केले, आणि गरिबालाही क्षयातून उठण्याचा मार्ग मोकळा झाला. परंतु त्या मार्गास एक कडक अट आहे. ठरावीक औषधे, ठरावीक मात्रेत, निदान सहा महिने, एकही खंड न पाडता घेतली पाहिजेत. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, रोगी औषध सोडतो. आणि उरलेले जंतू त्या औषधास सरावून अधिक बळकट होऊन परततात. पुढे तोच बळकट जंतू शेजारच्या खोलीतील मुलास होतो. म्हणून क्षयाचा चुकीचा उपचार ही एका रोग्याची खासगी हानी राहत नाही, ती साऱ्या चाळीची होते.

ह्या दृष्टीने मुंबईतील दोन पाहण्या उद्बोधक आहेत. १९९१ साली डॉ. मुकुंद उपलेकर व त्यांचे सहकारी ह्यांनी धारावी भागातील शंभरएक खासगी डॉक्टरांस विचारले, तेव्हा त्यांनी क्षयावर ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया ह्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १०६ डॉक्टरांनी ६३ योजना लिहिल्या आणि बरोबर उत्तर अवघ्या सहांनी दिले. त्यानंतर २०११ च्या डिसेंबरात माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून, त्या वेळी तपासलेल्या कोणत्याही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रोगी आढळल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. ‘पूर्णतः अदम्य’ ह्या शब्दाबद्दल सरकारने हरकत घेतली. पण त्या रोग्यांपैकी बहुतेकांनी अनेक खासगी डॉक्टरांची विस्कळित औषधे घेतलेली होती, ही गोष्ट शब्दाच्या वादाने पुसली जाण्यासारखी नव्हती.

सरकारने प्रथम कौटिल्याचा मार्ग धरला. ७ मे २०१२ रोजी आज्ञा निघाली की, क्षयाचा प्रत्येक रोगी, मग तो सरकारी दवाखान्यातील असो वा खासगी, कळविलाच पाहिजे. आज्ञा उत्तम होती. तिचे पालन मात्र फारच थोडे झाले. २०१३ साली साऱ्या देशातील खासगी डॉक्टरांकडून सुमारे ३८ हजार रोग्यांची नोंद आली. वस्तुतः बाजारात खपलेल्या औषधांचा हिशेब करून पुढे विद्वानांनी जो अंदाज काढला, त्याप्रमाणे २०१४ साली खासगी उपचाराखालील क्षयरोग्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे होती. म्हणजे पन्नास रोग्यांत एखादाच सरकारास दिसत होता, बाकीचे अंधारात होते.

ह्यात डॉक्टरांची केवळ बेपर्वाई पाहणे हा अन्याय होईल. घाटकोपरच्या चाळीतील एखाद्या उपवर मुलीस क्षय झाल्याचे कळले, तर तिचे लग्न मोडते. भाड्याच्या खोलीत राहणारास घरमालक खोली खाली करावयास सांगतो. हातावर पोट असणाराचे काम जाते. डॉक्टराने नाव कळविले आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचा माणूस दारात उभा राहिला, तर तो रोगी पुन्हा त्या डॉक्टराची पायरी चढत नाही. शिवाय नोंदलेला रोगी सरकारी दवाखान्यात ओढला जाईल आणि आपली फी बुडेल ही भीती. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या माणसास फॉर्म भरण्याचा वेळ कोठून आणावा, हीही अडचण लहान नव्हती. खबर देण्यात तोटा, न देण्यात काहीच तोटा नाही, असा हा व्यवहार होता. आणि नुसत्या आज्ञेने व्यवहार क्वचितच फिरतो.

तेव्हा दुसरा मार्ग चोखाळण्यात आला. २०१४ साली मुंबई महापालिकेच्या संमतीने व गेट्स प्रतिष्ठानाच्या द्रव्याने ‘पाथ’ ह्या संस्थेने मुंबईत खासगी डॉक्टर आणि सरकार ह्यांच्यामध्ये एक दुवा उभा केला. असेच प्रयोग पाटणा व गुजरातेतील मेहसाणा येथेही झाले. योजनेची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. रोग्यास डॉक्टर बदलावा लागत नव्हता. संशयित रोग्याची छातीची छायाचित्रे व थुंकीची नवी जनुकीय तपासणी फुकट वा अल्प दरात होई. ती तपासणी दोन तासांत जंतू आहे की नाही, आणि मुख्य औषधास तो दाद देईल की नाही, हे सांगते. निदान झाले की डॉक्टराने कळवावयाचे. रोग्याच्या मोबाइलवर एक आकडा येई, तो दाखविला की नेहमीच्याच औषधविक्रेत्याकडे क्षयाची औषधे विनामूल्य मिळत. विक्रेत्याचे पैसे संस्था भरी. फॉर्म भरण्याचे काम संस्थेची माणसे दवाखान्यात येऊन वा टेलिफोनवर करीत, आणि औषध चुकविणाऱ्या रोग्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घालीत. रोगी पाठविण्याबद्दल व नोंदविण्याबद्दल डॉक्टरांस काही मोबदलाही असे. ह्या तीन-चार वर्षांत मुंबईतील खासगी नोंदी झपाट्याने वाढल्या.

पुढे २०१८ साली केंद्र सरकारने ह्यातील मोबदल्याचा भाग देशभर लागू केला. खासगी डॉक्टराने रोगी नोंदविला की पाचशे रुपये, आणि उपचार संपून त्याचा निकाल कळविला की आणखी पाचशे. रोग्यासही पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्याची योजना त्याच वर्षी एप्रिलात सुरू झाली; नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम एक हजार करण्यात आली. त्याच २०१८ च्या मार्चात, खबर न देणारा डॉक्टर दंडसंहितेखाली शिक्षेस पात्र होईल, असेही राजपत्रात जाहीर झाले. हम्मुराबी आणि कौटिल्य अशा रीतीने एकाच वर्षी एका फायलीत आले. २०१९ साली देशात क्षयाच्या २४ लाखांवर नोंदी झाल्या, त्यांतील ६ लाख ७८ हजार खासगी डॉक्टरांकडून आल्या होत्या. सहा वर्षांपूर्वीच्या ३८ हजारांशी ताडून पाहता, हा पालट सामान्य नव्हे.

ह्या यशाचे श्रेय पाचशे रुपयांस द्यावयाचे काय? आमच्या मते फार थोडे. अंधेरी-मुलुंडच्या जम बसलेल्या विशेषज्ञास पाचशे रुपये म्हणजे एखाद्या रोग्याची फी. तेवढ्यासाठी तो आपला बँकेचा खातेक्रमांक सरकारास देऊन वाट पाहत बसणार नाही. त्याच्या व्यवहारात जे बदलले ते निराळेच होते. पूर्वी नोंदविलेला रोगी हातचा जात असे, आता तो त्याच्याकडेच राहू लागला. पूर्वी महागड्या औषधांमुळे रोगी दोन महिन्यांनी नाहीसा होई, आता फुकट औषधामुळे तो सहा महिने येत राहिला. पूर्वी कागदपत्रांचा जाच डॉक्टरावर होता, तो दुसऱ्याने उचलला. थोडक्यात, योजनेने डॉक्टरास विकत घेतले नाही. त्याच्या वाटेतील काटे काढले. जेथे काटे काढण्याचे काम ढिले पडेल आणि पाचशे रुपयेच तेवढे उरतील, तेथे नोंद होईल, पण उपचार सुधारेलच असे नाही. नाव कळविणे आणि रोगी बरा करणे ह्यांत जे अंतर आहे, ते आम्ही वर म्हटलेले अंतर होय.

हे अंतर केवढे आहे, ह्याची कल्पना आणखी एका पाहणीने येते. २०१४ च्या नोव्हेंबरापासून २०१५ च्या ऑगस्टपर्यंत मुंबई व पाटणा येथे चोवीस शिकविलेली माणसे रोग्याचे सोंग घेऊन खासगी दवाखान्यांत गेली आणि त्यांनी क्षयाची लक्षणे सांगितली. अशा २,६०२ भेटींपैकी योग्य मार्गाने उपचार झाला असे म्हणता येईल, त्या भेटी सुमारे एकतृतीयांशच होत्या. जो डॉक्टर रोग ओळखतच नाही, त्यास रोग कळविल्याचे इनाम देऊन काय उपयोग? त्याला हवे आहे शिक्षण, जवळ तपासणीची सोय, आणि शंका विचारावयास एखादा जाणता माणूस. ह्या गोष्टींस दर लावता येत नाही, म्हणून त्या योजनांच्या कागदांतून हळूच गळतात.

आणखी एक मुद्दा नाजूक आहे, पण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सरकारने फळावर वेतन देण्यापूर्वी बाजार ते देतच होता. तपासणीसाठी वा शस्त्रक्रियेसाठी रोगी पाठविला की पाठविणाराचा वाटा ठरलेला, ह्यास मुंबईत ‘कट’ म्हणतात. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी असा वाटा घेणे निषिद्ध ठरविले आहे, आणि महाराष्ट्र सरकारने २०१७ साली त्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार केला. पण मसुद्याचा कायदा झाला नाही. ज्या व्यवसायात रोगी पाठविण्याबद्दल द्रव्य घेणे हा दोष मानला जातो, त्याच व्यवसायास रोगी कळविण्याबद्दल सरकारनेच द्रव्य द्यावे, ह्यात विसंगती नाही काय? ह्यावर उत्तर असे की, कट गुप्त असतो आणि त्याचा भार रोग्यावर पडतो; हा मोबदला उघड आहे आणि त्याने रोग्याचा खर्च वाचतो. उत्तर बरोबर आहे. पण तो मोबदला देण्याचा व्यवहार स्वच्छ, वेळेवर व तपासता येईल असा राहील तोपर्यंतच ते बरोबर आहे, हे विसरता कामा नये.

फळाचे मोल चुकीच्या वस्तूस लागले म्हणजे काय होते, ह्याचा धडा मुंबईनेच पूर्वी घेतलेला आहे. १९६० नंतरच्या दशकात महापालिकेच्या कुटुंबनियोजन विभागाचे प्रमुख डॉ. डी. एन. पै ह्यांनी रेल्वे स्थानकांवर पुरुषनसबंदीची केंद्रे उघडली. उपनगरांतून रोज गाडीने जाणाऱ्या लाखो लोकांस दवाखान्यापर्यंत आणण्यापेक्षा दवाखानाच फलाटावर न्यावा, ही कल्पना चतुर होती. शस्त्रक्रिया करून घेणारास रक्कम मिळे, आणि त्यास घेऊन येणाऱ्या प्रचारकासही दर डोई काही मिळे. हळूहळू माणसाच्या संमतीपेक्षा माणसांच्या संख्येस महत्त्व आले. आणीबाणीत ह्या वृत्तीने साऱ्या देशात भयंकर रूप धारण केले. १९७६-७७ ह्या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकही संमत केले होते, ते राष्ट्रपतींच्या मान्यतेअभावी अमलात आले नाही. १९९६ साली सरकारने उद्दिष्टांचे आकडे अधिकृतपणे मागे घेतले, तरी आकड्यांची सवय गेली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या सुमाराच्या शिबिरांत मिळून तेरा स्त्रिया प्राणास मुकल्या. शेवटी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयास अशी शिबिरेच तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश द्यावा लागला.

उलट पक्षी, इनामाने देशाचे कल्याण झाल्याचेही एक ठळक उदाहरण आहे. १९७५ साली देवीचा रोग देशातून नाहीसा होत आला असता, देवीचा रोगी दाखवून देणारास एक हजार रुपये देण्याचे सरकारने जाहीर केले. त्या काळी ती रक्कम मोठी होती. खबरा पुष्कळ आल्या, प्रत्येक खबर तपासली गेली, आणि १९७७ साली आंतरराष्ट्रीय मंडळाने हिंदुस्थान देवीमुक्त झाल्याचे मान्य केले. येथे इनाम का फळले? देवीचा रोगी डोळ्यांस दिसतो, खोटी खबर तपासाअंती उघडी पडते, आणि खबर देणारा कोणाच्या शरीरावर काही करीत नाही. खबर हेच येथे हवे असलेले फळ होते. नसबंदीत मोजणी शस्त्रक्रियांची होती, आणि हवे होते ते कुटुंबाचे सुख. तो फरक बाजूस सारून ‘इनामाने काम होते’ किंवा ‘इनामाने काम बिघडते’ असा एकच निकाल देणे म्हणजे औषधाची मात्रा न पाहता औषधास बरेवाईट ठरविणे होय.

परदेशांतील अनुभवही असाच मिश्र आहे. रवांडाच्या प्रयोगाचे फलित २०११ साली प्रसिद्ध झाले. दवाखान्यात होणारी बाळंतपणे व लहान मुलांच्या तपासण्या लक्षणीय वाढल्या. परंतु लसीकरण पूर्ण होण्यात किंवा गरोदर स्त्रीच्या चार भेटी भरण्यात फरक पडला नाही. शेजारच्या कर्नाटकात खेड्यांतील खासगी प्रसूतिगृहांवर केलेल्या एका प्रयोगात काही डॉक्टरांस योग्य पद्धत पाळल्याबद्दल, तर काहींस मातेच्या प्रकृतीच्या अखेरच्या फळाबद्दल पैसे देण्यात आले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव दोहोंकडे कमी झाला, पण फळावर पैसे देण्याचा खर्च अधिक आला. जागतिक बँकेने २०२२ साली आपल्याच अनेक प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा असे दिसले की तेच द्रव्य फळाची अट न घालता थेट दवाखान्याच्या हाती दिले तरी लाभ जवळजवळ तेवढाच होतो. म्हणजे पुष्कळदा अडले होते ते दवाखान्यात पैसाच नसल्यामुळे. काम करणाऱ्याच्या मनात लोभ उत्पन्न करण्याची गरज नव्हती.

ह्या साऱ्या चर्चेत ज्यांचा आवाज सर्वांत क्षीण असतो, त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. खासगी डॉक्टरास पाचशे रुपये हे वरकमाईसारखे असतात. ‘आशा’ कार्यकर्तीची गोष्ट निराळी आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या ह्या स्त्रियांस स्वयंसेविका म्हटले गेले आणि प्रत्येक कामास दर लावून दिला. बाळंतीण दवाखान्यात नेली तर इतके, क्षयरोग्याचे औषध पुरे करविले तर इतके. त्यांच्या बाबतीत फलानुसार वेतन हे वेतनाच्या जोडीस आले नाही, वेतनाच्या जागी आले. ज्या महिन्यात गावात बाळंतपण नसे, त्या महिन्यात तिचा घाम जमेस धरला जात नसे. २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातील हजारो आशा मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसल्या, तेव्हा कोठे राज्य सरकारने मार्चात दरमहा पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. खुद्द मुंबईत झोपडपट्ट्यांच्या पायऱ्या चढणाऱ्या महापालिकेच्या आरोग्यसेविकाही ठरावीक पण तुटपुंज्या मानधनावर राबत आल्या आणि किमान वेतनासाठी वर्षानुवर्षे झगडत आल्या. डॉक्टरास इनाम आणि सेविकेस तुकडेमोड, हा न्याय समजण्यास कठीण आहे. कारण औषध चुकविलेल्या रोग्याच्या दारात डॉक्टर जात नाही, तीच जाते.

एवंच, ह्या इतिहासातून आम्हांस तीन कसोट्या हाती लागतात. पहिली, जे मोजून पैसे द्यावयाचे ते रोग्याच्या हिताशी एकरूप आहे काय? नोंदीबद्दलचे पाचशे ह्या कसोटीस अर्धे उतरतात. उपचार पुरा झाल्याबद्दलचे पाचशे पूर्ण उतरतील, पण रोगी खरोखर बरा झाल्याची खातरजमा होत असेल तरच. दुसरी, जे मोजले ते कोणी तिऱ्हाईत तपासू शकतो काय? आणि तिसरी, पैशाच्या आधी वाट मोकळी केली आहे काय? फुकट तपासणी, फुकट औषध, घरी जाणारा माणूस आणि त्या माणसास पोटापुरते ठरावीक वेतन, ह्या चार गोष्टी असल्या तर इनाम हे सोन्यास सुगंधासारखे. त्या नसल्या तर इनाम म्हणजे रिकाम्या पेटीवरचे कुलूप.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे वास्तव्य ह्याच उपनगरांत आहे. क्षय हा झोपडपट्टीतील लोकांचा रोग, अशी आपली समजूत असते. पण लोकलच्या डब्यात श्वास सर्वांचा एकच असतो. तेव्हा घरातील कोणास पंधरा दिवसांहून अधिक खोकला राहिला, तर आपल्या विश्वासाच्या डॉक्टरास थुंकीच्या तपासणीविषयी स्पष्ट विचारावे, आणि निदान क्षयाचे निघाले तर ‘नोंद केलीत ना?’ असेही विचारावे. नाव लपविण्याची विनंती डॉक्टराकडे आपणच करतो, तोपर्यंत कौटिल्याचा दंड आणि सरकारचे पाचशे रुपये दोन्ही व्यर्थ आहेत. वैद्याच्या फळास मोल बांधताना रोग्याच्या घराने आपली लाज किती महाग धरली आहे, हेही त्याच हिशेबात मांडले पाहिजे.